माळव्याला काय मिळालं?

चि. भाचेबुवांस, मामाचे आशीर्वाद.

पेनड्राइव्हवरचा तुझा युरोपा युनिव्हर्सॅलिस 4 चा सेव्ह, म्हणजे राज्य चालवायच्या त्या कॉम्प्युटर गेममधला तुझा विजयनगरचा अर्धवट डाव, उघडून काल रात्री दीडपर्यंत बसलो होतो. मामी दोनदा उठून बघून गेली. चार-चार मित्र-राज्यं असूनही बहमनीवरच्या लढाईला कोणी येत नाही, गेम फसवतो, ही तुझी तक्रार. गेम फसवत नाही रे. मित्राला हाक मारायच्या आधी त्याच्या नावावर माउस नेऊन जरा थांबत जा. माळव्यावर थांबलो तर यायच्या कारणांचं हिरवं थोडंसंच आणि त्याखाली न यायच्या कारणांची लाल आकड्यांची रांग: कर्ज, युद्धाचा थकवा, कमी विश्वास. पहिली दोन दुखणी माळव्याची. तिसरं तुझं.

या गेममध्ये मित्राचा आपल्यावरचा विश्वास 50 वर सुरू होतो. तुझा माळवा त्याच्या बराच खाली आहे, आणि का ते तूच मला फोनवर रंगवून सांगितलं होतंस. जमीन देतो म्हणून त्याला लढाईत ओढलंस, वऱ्हाडातले वेढे त्याच्या फौजेने दिले, आणि तहाच्या वेळी सगळे प्रांत विजयनगरच्या घशात! तेव्हा मीही ‘वा’ म्हणालो होतो, तो भाग माझ्या खात्यावर टाक. तहाच्या खिडकीत एखादा प्रांत माळव्याच्या नावावर करायला दोन क्लिक लागतात. आणि द्यायचा तो त्याला हवा असलेला. आपल्याला नकोसा प्रांत त्याच्या गळ्यात मारून मित्र खूश होत नाही.

मीही काही फार शहाणा नव्हतो. पोर्तुगाल घेऊन खेळताना कॅस्टिलने हाक मारली. मला तेव्हा जहाजं बांधायची होती, म्हणून ‘नाही’ दाबलं. प्रतिष्ठा धाडकन पडली, युती तुटली, आणि काही वर्षांनी तोच कॅस्टिल माझ्या सीमेवर उभा. त्याच्या लढाईत दोन पलटणी पाठवून दिल्या असत्या तरी भागलं असतं.

तू ऐरोलीहून येतोस तेव्हा स्टेशनवरून थेट माझ्याकडे येतोस. एकदा कोर्टनाक्याकडून ये आणि मध्यवर्ती कारागृहाची तटबंदी बघ. तोच ठाण्याचा किल्ला. 1737 मध्ये मराठ्यांनी तो पोर्तुगिजांकडून घेतला. पुढे 1756 मध्ये पेशव्यांनी आपल्याच तुळाजी आंग्र्यांचा काटा काढायला इंग्रजांना सोबत घेतलं. विजयदुर्ग पडला, आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हता हे खरं, पण इंग्रजांना समुद्रावर अडवणारं जे काही होतं ते त्याच्याकडेच होतं. 18 वर्षांनी, 1774 च्या डिसेंबरात, त्याच इंग्रजांनी हा किल्ला घेतला, आणि 1782 च्या सालबाईच्या तहातही साष्टी, म्हणजे ठाण्यालगतचं हे बेट, त्यांच्याकडेच राहिली. तू परवा म्हणालास ना, ‘आधी ओरिसाला उडवतो, तो तसाही ऐकत नाही’? ओरिसा तुझ्या आणि कोणाच्या मध्ये उभा आहे ते नकाशावर बघून मग बोल.

कर्जाचं तर आपल्या इतिहासात फारच बोलकं उदाहरण आहे. 1780 मध्ये नाना फडणिसांनी इंग्रजांविरुद्ध निजाम, म्हैसूरचा हैदर अली आणि नागपूरकर भोसले यांची मोट बांधली. हैदर कालपर्यंतचा शत्रू, पण कृष्णेच्या दक्षिणेचा मुलूख त्याच्याकडे राहू द्यायचं कबूल केलं आणि तो खरोखर कर्नाटकात इंग्रजांवर उतरला. भोसल्यांची फौज मात्र बंगालच्या वाटेवर कटकला रेंगाळली. फौजेचे पगार थकलेले. इंग्रजांचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जने पैसे मोजले आणि तिला थंड केलं. तुझा माळवा आज त्याच अवस्थेत आहे, आणि तुझ्या खजिन्यात पैसा नुसता पडून आहे! दरमहा अनुदान सुरू कर. वेळेवर चार नाणी द्यायला हात आखडतोस आणि ऐन लढाईच्या आदल्या दिवशी भेट पाठवतोस. त्या भेटीने मत सुधारेल, कर्ज फिटेलच असं नाही.

बाकी बारीकसारीक. संबंध सुधारायला पाठवलेला वकील, म्हणजे दूत, परत बोलावलास की कमावलेलं हळूहळू ओसरतं, तेव्हा एक वकील माळव्याकडे राहू दे. हल्ल्याच्या लढाईला मित्राला बोलवायला 10 फेवर, म्हणजे त्याच्यावरच्या उपकारांचे गुण, लागतात. ते साठेपर्यंत दम धर, फुटकळ लढायांत उधळू नकोस. आणि त्या दूरच्या जौनपूरशी युती कशाला? लांबची लढाई म्हणून तो येणारच नाही, वर चारातली एक जागा अडवून बसलाय. माझ्या मते तुला दोनच मित्र पुरेत.

गेममधल्या 1470 सालाच्या आधीचा एखादा सेव्ह ठेवला आहेस का ते बघ. रविवारी दुपारी ये, चार्जर विसरू नकोस. मामी साबुदाण्याचे वडे करणार आहे, आईला सांग डबा रिकामा पाठवू नको म्हणून.

तुझा मामा