नवरा-बायको दोघांनीच टूर कंपनीशिवाय युरोप केला तर काय काय फजिती होऊ शकते?

विचारणाऱ्यांनी खाली लिहिलंय की लग्नाला २५ वर्षं होतायत, ऑक्टोबरच्या शेवटी दोघांनीच पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली करायचंय, इंग्रजी बेताचं आहे, जमेल का. जमेल हो. आमचं इंग्रजी तुमच्यापेक्षा बेताचं असेल आणि आम्ही २०२४ च्या मार्चमध्ये होळी झाल्यावर निघालो आणि पंधरा दिवसांनी धडधाकट डोंबिवलीला परत आलो. फजितीचं विचाराल तर आमच्या सगळ्या फजित्या ट्रेनमध्ये झाल्या, आणि त्याचं कारण म्हणजे आमचे हे. तीस वर्षं डोंबिवली-सीएसटी फास्ट लोकलने अप-डाऊन केलेला माणूस, त्याला ट्रेनचं कोणी काही शिकवायचं नाही. लेकीने सगळं बुकिंग करून दिलं, प्रत्येक स्टेशनचं नाव, प्लॅटफॉर्म कसा बघायचा हे लिहून दिलं, तर म्हणाले, अगं ट्रेनचं मला सांगू नकोस, हॉटेलचं सांग.

पॅरिसचं पटकन सांगते कारण तिथे फार काही झालं नाही. मंगळवारी पोचलो आणि उत्साहात लूव्रला गेलो तर बंद, लूव्रला दर मंगळवारी सुट्टी असते हे आम्हाला दारात उभं राहिल्यावर कळलं. आयफेल टॉवर रात्री दर तासाला पाच मिनिटं लुकलुकतो ते मात्र बघा, तिकीट लागत नाही, नदीच्या पलीकडे उभं राहिलं की झालं. आणि घरून किटली नेणार असाल तर प्लग बघून न्या, आमचा तीन पिनांचा जाडा प्लग तिकडच्या भोकात जाईना, दोन बारीक पिनांचा मोबाईल चार्जर मात्र सगळीकडे चालला.

आता खरी गोष्ट. शुक्रवारी संध्याकाळी स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनला पोचलो, तो गुड फ्रायडे. हॉटेलच्या आसपासची सगळी दुकानं बंद. रविवारी ईस्टर, परत बंद, सोमवारी ईस्टर मंडे, परत बंद. हॉटेलवाल्याकडून गरम पाणी मागून घेतलं आणि तीन दिवस नाश्ता सोडून बाकी आम्ही दडपे पोहे, खाकरे आणि मेतकूट यांच्यावर काढले म्हणा ना. शनिवारी तर आकाश पिवळट आणि डोंगर दिसेचनात, हे म्हणाले बघ, एमआयडीसीचा वास तेवढा नाहीये, बाकी डोंबिवलीच. नंतर कळलं की ती सहारा वाळवंटातली धूळ होती, वाऱ्याने थेट आल्प्सपर्यंत आलेली. म्हणून त्या दिवशी वर जायचं रद्द केलं, गावात यश चोप्रांचा पुतळा आहे त्याच्याजवळ फोटो काढले आणि युंगफ्राउयोख, म्हणजे वर बर्फात ट्रेन जाते ते ठिकाण, रविवारवर ढकललं. वरच्या गाडीच्या सीट लेकीने रविवारच्या रिझर्व करून दिल्या.

रविवारी सकाळी उठले तर माझ्या फोनमध्ये आठ आणि ह्यांच्या घड्याळात सात. ह्यांचं घड्याळ म्हणजे एचएमटी, नोकरीला लागल्यावर घेतलेलं, त्याला घरात देवाच्या खालोखाल मान. शिवाय ह्यांच्या फोनमध्येही सातच, कारण पॅरिसला उतरल्यावर फोन कधी इंडियाचा टाइम दाखवतोय कधी तिकडचा म्हणून ह्यांनी ऑटोमॅटिक बंद करून हाताने वेळ लावून ठेवली होती. मग काय, दोन विरुद्ध एक, आणि माझा फोन स्वस्तातला. तुझाच बिघडलाय म्हणाले आणि आरामात दाढी करायला गेले. खाली नाश्त्याला गेलो तर मुलगी टेबलं पुसतेय, भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि दोघांच्या तोंडचं पाणी पळालं. तिकडे मार्चच्या शेवटच्या रविवारी रात्री दोन वाजता घड्याळ एकदम तीनवर नेतात, झोपेत एक तास गायब, आणि आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे लेकीने सांगितलं असणार, ट्रेनच्या कागदावर.

मग स्टेशनला पळत सुटलो. इंटरलाकेन ओस्ट स्टेशनवर गाडी लागलेली, आता सुटेल अशी. इथे आमची तीस वर्षांची सवय नडली. मी पण नोकरीच करायचे, ठाण्याला. सकाळी आम्ही एकाच लोकलने निघायचो पण मी लेडीजमध्ये, हे जनरलमध्ये, आणि संध्याकाळी एकत्र यायचं असलं तर ज्याला जो डबा मिळेल त्यात चढायचं आणि डोंबिवलीला मधल्या पुलाखाली भेटायचं, असं कित्येक वर्षं. तर ह्यांनी लांबून ओरडून सांगितलं चढ चढ, आणि मी समोरच्या दारात चढले, हे पुढच्या एका दारात चढले. मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. उतरल्यावर भेटू.

ही गाडी मधे तुटते. म्हणजे अपघात नाही हो, रोजच तुटते. झ्वायल्युत्शिनेन नावाचं एक छोटंसं स्टेशन आहे, दहा मिनिटांवर, दोन नद्यांच्या संगमावर, तिथे गाडीचे दोन तुकडे होतात, एक जातो ग्रिंडेलवाल्डला आणि दुसरा लाउटरब्रुनेनला. दारावर लिहिलेलं असतं, फलाटावरही लिहिलेलं असतं, पण वाचतंय कोण. डोंबिवलीकरांना सांगते, समजा कल्याणला लोकल थांबली आणि अर्धे डबे कसाऱ्याला गेले आणि अर्धे कर्जतला, तर कसं वाटेल? आम्हाला जायचं होतं ग्रिंडेलवाल्डला. हे बरोबर गेले. मी निघाले कर्जतला.

आणि माझ्याकडे काय होतं? पर्समध्ये एक लिपस्टिक, आवळा सुपारी, लेकीने दिलेल्या चाळीस युरोच्या नोटा, ज्या तिकडे फ्रँक चालतात म्हणून मी काढतच नव्हते, आणि इंटरनेट नसलेला फोन. कारण पैसे वाचवायला एकच सिम घेतलं होतं, ते ह्यांच्या फोनमध्ये. पासपोर्ट दोन्ही ह्यांच्या गळ्यातल्या पाऊचमध्ये. स्विस पास दोन्ही ह्यांच्या फोनमध्ये. हॉटेलची किल्ली ह्यांच्या खिशात. हॉटेलचं नाव सुद्धा मला धड आठवेना, जर्मन नाव, तीन शब्दांचं.

तेवढ्यात टीसी आला. मी म्हटलं, हजबंड, पास, अदर ट्रेन. बस, एवढंच. तो इतका हसला. मला वाटतं हे त्याच्यासाठी काही नवीन नसावं. मग त्याने बोटांनी वाय काढून दाखवला, एका फांदीवर ग्रिंडेलवाल्ड, दुसरीवर लाउटरब्रुनेन, आणि म्हणाला उतरा आणि हीच गाडी परत जाईल तिने मागे या. दंड नाही घेतला, नशीब माझं.

लाउटरब्रुनेनला उतरले. समोर सरळसोट कडा आणि त्यावरून तीनशे मीटरचा धबधबा, श्टाउबबाख त्याचं नाव, मार्च असल्यामुळे पाणी बारीक, वाऱ्याने मधेच उडून जाणारं. लोक फोटो काढत होते. मला रडू येत होतं. आणि तेव्हा मागून आवाज आला, ए बाई टोपी घाल, कान दुखतील. मराठी! एका टूर कंपनीचा ग्रुप होता, सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या टोप्या. याच टोप्यांना हसून आम्ही टूर नको म्हटलेलं. पुण्याच्या एका काकूंनी मला हॉटस्पॉट दिला, वर दोन बाकरवड्या हातात ठेवल्या, आणि मी ह्यांना व्हॉट्सॲप कॉल लावला. उचलल्या उचलल्या म्हणतात, अगं तू पुलाखाली उभी आहेस का? मी इथे सगळा प्लॅटफॉर्म पालथा घातला. काय बोलावं या माणसाला.

खरं तर लाउटरब्रुनेनवरूनही वेंगेनमार्गे वरच्या गाडीपर्यंत जाता येतं आणि हे केबलकारने येऊन आम्ही वरच भेटू शकलो असतो, पण मी तेवढी शूर नाही. झ्वायल्युत्शिनेनलाच भेटलो. मी आधी पोचले. दोन फलाट, लाकडी बाक, चिटपाखरू नाही, नुसता पाण्याचा आवाज, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी हे उतरले ते पाऊच छातीशी धरून. काही बोलले नाहीत. बाकावर बसले, पाऊच उघडलं, माझा पासपोर्ट काढून माझ्या हातात दिला, मग किल्ली दिली, मग शंभर फ्रँक दिले. मी उरलेली बाकरवडी दिली.

रिझर्व केलेली सीट अर्थातच गेली, पण वर गेलो. आयगर एक्स्प्रेस केबलकार, मग बोगद्यातली ट्रेन. हे तोपर्यंत मूडमध्ये आले होते, सांगत होते की १८९६ पासून सोळा वर्षं खणत होते हा बोगदा आणि १९१२ ला गाडी सुरू झाली, तेव्हा आपल्याकडे विजेच्या लोकल पण नव्हत्या. ३,४५४ मीटरवर पोचलो आणि दार उघडून बाहेर गेलो तर पांढरं. नुसतं पांढरं. ढग. पास असूनसुद्धा माणशी शंभरावर फ्रँक देऊन आम्ही एक मोठा पांढरा पडदा बघून आलो. म्हणून सांगते, वरचा लाइव्ह कॅमेरा इंटरनेटवर दिसतो, तो सकाळी बघा आणि मगच तिकीट काढा, आदल्या दिवशी सीटसकट काढून ठेवू नका.

इटलीत शहाणे झालो असू असं वाटेल तुम्हाला. व्हेनिसला दोन मोठी स्टेशनं आहेत, वेनेझिया मेस्त्रे आणि वेनेझिया सांता लुचिया. मेस्त्रे म्हणजे जमिनीवरचं गाव, पाण्यातलं व्हेनिस पुढच्या स्टेशनला. वेनेझिया दिसल्याबरोबर हे बॅगा घेऊन उतरले. मुंबई म्हणून कुर्ला टर्मिनसला उतरण्यातला प्रकार. बाहेर रिक्षा स्टँडसारखं काहीतरी, बसेस, एक पण होडी नाही. परत आत येऊन मशीनवरून दहा मिनिटांच्या प्रवासाची दोन कागदी तिकिटं काढली आणि पहिली गाडी पकडली, तर त्यात चेकर. तिकीट आहे, दाखवलं. तो म्हणतो शिक्का कुठंय. साध्या गाडीचं कागदी तिकीट ठरावीक गाडीचं नसतं, त्यामुळे चढायच्या आधी फलाटावरच्या मशीनमध्ये घालून त्यावर वेळ छापून घ्यायची, नाही तर तेच तिकीट तुम्ही परत वापराल. हे वाद घालायला लागले. मी हळूच म्हटलं, अहो, कूपनं आठवतात का? मुंबईच्या लोकलला कूपन असायचं, स्टेशनवरच्या मशीनमध्ये पंच करायचं, ह्यांनी आयुष्यात हजारो पंच केली असतील आणि न पंच केलेली पकडली तर काय होतं हे डोंबिवलीत लोकांना तेच समजावून सांगायचे. गप्प झाले. दंड भरला, महिन्याभराचा भाजीपाला आला असता त्यात.

बाकी फ्लोरेन्स, रोम छान झालं. तर तुमच्यासाठी एवढंच की सिम दोन घ्या, कितीही महाग वाटलं तरी. पास, पासपोर्ट, थोडी कॅश ज्याची त्याच्याकडे, आणि हॉटेलचं कार्ड बायकोच्या पर्समध्ये आधी. व्हिसाच्या इन्शुरन्सचं कव्हर निदान ३० हजार युरोचं लागतं, त्याचा प्रिंटही दोन ठिकाणी ठेवा. स्टेशनवर टॉयलेटला युरो-दीड युरो पडतो, नाणी जपून ठेवा, ती वेळेला कोणी देत नाही.

आणि हो, तुम्ही ऑक्टोबरच्या शेवटी म्हणताय, तर त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी पहाटे तीनचे परत दोन करतात, म्हणजे एक तास जास्त मिळतो. हे आत्ता लिहिता लिहिता ह्यांना वाचून दाखवलं तर पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, म्हणजे आपला तास अजून तिकडेच आहे, आणायला जायला पाहिजे.