हरसूलच्या वाटेवर पहिल्यांदा जाताना

भावा, बाईक घेऊन पहिल्याच रविवारी सुरगाण्याच्या जंगलात घुसू नकोस. त्र्यंबकेश्वर ओलांडून हरसूलकडे जा, मुरमाच्या वाटांवर आधी हात बसू दे. टायरची हवा २२ पीएसआयच्या आसपास आण. डांबर लागलं की परत भरायची, म्हणून छोटा पंप सोबत हवाच. खडबडीत जागी फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभा राहा, गुडघ्यांनी टाकी धर, हँडल मात्र आवळू नकोस. उतारावर पहिला गिअर, क्लच दाबायचा नाही; इंजिनच गाडी धरून ठेवतं. साग गळला की वाळक्या पानांखाली दगड लपतात. मी असाच आडवा झालो, क्लच लिव्हर तुटला. तेव्हापासून जादा लिव्हर बॅगेतच असतो. पावसाळ्यात भातखाचरांच्या बांधावर गाडी घालू नकोस, लोकांची लावणी चालू असते. आणि पेट्रोल नाशिकलाच भर.