'समायोजन' म्हणून कमिशन कापलं, पण हिशेब देत नाहीत

प्रश्न : मी नाशिकला पंप विकणाऱ्या कंपनीत सेल्स एक्झिक्युटिव्ह आहे. पगाराशिवाय विक्रीवर २ टक्के कमिशन ठरलं आहे. महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये एकूण विक्री, कमिशन आणि 'समायोजन' एवढेच आकडे असतात. समायोजनापोटी बरीच रक्कम कापली जाते. विचारलं की 'सिस्टीममधूनच तसं येतं' म्हणतात. दावा करता येईल का?

उत्तर : येईल. पण आधी पैसे नको, हिशेब मागा. नेमके किती बुडाले हे तुम्हाला सांगता येत नाही, यात तुमची काहीच चूक नाही. बिलं, वसुली, परत आलेला माल, सगळ्या नोंदी कंपनीकडेच आहेत.

एक बिल घेऊन बघा. रक्कम १,१८,०००. त्यातला १८ टक्के जीएसटी वगळला की १,००,००० वर तुमचे २,००० होतात. पण ग्राहकाने निम्मेच पैसे दिले असतील आणि कमिशन वसुलीवर ठरलं असेल, तर या महिन्यात १,००० च. कुठला आकडा खरा, ते नियुक्तीपत्र आणि इन्सेंटिव्ह पॉलिसीवरून ठरतं. ती पॉलिसी मागून घ्या, आणि विक्रीच्या तारखेला जी लागू होती तीच. मागाहून दर कमी करून आधी कमावलेलं कमिशन कापणं मला अजिबात मान्य नाही. तिथे तुमची बाजू भक्कम आहे.

एचआर आणि सेल्स हेडला ईमेल करा : प्रत्येक बिलाचा नंबर, तारीख, जीएसटीविना रक्कम, वसुली, दर, आणि प्रत्येक समायोजन कोणत्या बिलाचं, कशामुळे, पॉलिसीच्या कुठल्या कलमाखाली. तोंडी विचारत राहू नका.

नारनदास गजीवाला विरुद्ध पापम्मल या १९६६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की, हिशेब मालकाकडेच असतील आणि ते पाहिल्याशिवाय एजंटाला आपलं कमिशन किती ते कळणारच नसेल, तर अशा विशेष परिस्थितीत तो मालकाकडे हिशेब मागू शकतो. तुम्ही नोकरदार आहात, एजंट नाही. तरी तोच युक्तिवाद तुमच्यासाठी करता येईल.

थकबाकीच्या दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते, तेव्हा जुने महिने आधी काढा. कामगार कार्यालय की दिवाणी न्यायालय, हे तुमच्या कामाच्या स्वरूपावर ठरेल. नियुक्तीपत्र घेऊन वकिलांना भेटा. ग्राहकांची यादी मात्र स्वतःच्या मेलवर पाठवू नका, गोपनीयतेचा भंग केला म्हणून कंपनी उलट तुमच्यावरच येईल. आणि 'पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली' अशा कागदावर सही मागितली, तर 'हिशेबाबाबत हरकत राखून' असं लिहूनच सही करा.