केळकर संग्रहालय शाळकरी मुलांपर्यंत कसं पोहोचेल?

तुम्ही विचारलंय, की पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय गावाकडच्या शाळांना जास्त खुलं व्हावं म्हणून काय करता येईल, आणि मुलांचं तिकीट माफ झालं तर तेवढ्यानं भागेल का. मी बरीच वर्षं तालुक्याच्या शाळेत इतिहास शिकवला. पाच-सहा वेळा मुलांना तिथे नेलंय, त्या भरवशावर सांगतो.

तिकिटानं नाही भागत. एसटीचं भाडं त्याहून जड जातं. आणि सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे आम्ही मास्तर! पहिल्या सहलीला मी साठ मुलं घेऊन गेलो. ‘रांग सोडू नका, हात लावू नका, चला पुढे’ एवढ्या तीन वाक्यांत सगळे मजले पाऊण तासात उरकले. परतताना विचारलं, काय काय पाहिलंत? एकजण म्हणाला, “सर, पुढच्याची पाठ.”

नावातला ‘राजा’ ऐकून मुलांना वाटतं हे कुण्या संस्थानिकाचं. तर राजा हा दिनकर गंगाधर ऊर्फ काका केळकरांचा मुलगा, लहानपणीच गेला. त्याच्या आठवणीसाठी हे नाव. मी हे बाजीराव रस्त्यावर, आत शिरायच्या आधीच सांगतो. मग गडबड आपोआप कमी होते. काकांनी 1920च्या सुमारास वस्तू जमवायला घेतल्या, पुढे तो संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. आज वीस हजारांवर वस्तू आहेत, पण मांडलेल्या जेमतेम अडीच हजार.

आणि वस्तू कसल्या, तर घरातल्या. दिवे, अडकित्ते, दौती, करंडे, शेवयांचे साचे. म्हणजे त्यांची भावंडं मुलांच्या माळ्यावर पडलेली असतात! हे लक्षात आल्यावर पुढच्या वेळी मी आठवडाभर आधी सांगितलं, आजीच्या वापरातली आणि आता कुणी वापरत नाही अशी एक वस्तू आणा. मापटं आलं, फणेरपेटी आली, रॉकेलची चिमणी आली. एका मुलीनं पितळी वज्री आणली. वर मोर, खाली टाच घासायला खरखरीत तळ. हलवली की आतला खडा वाजायचा. संग्रहालयात पक्ष्या-प्राण्यांच्या वज्रींसमोर ती जी उभी राहिली ती हलेचना. काचेला नाक लावून म्हणते, “सर, ह्यांच्यापण पोटात खडा असंल का?”

तेव्हापासून सगळं दाखवायचा हट्ट सोडला. चार मुलांना एकच वस्तू. आधी पाटी न वाचता चित्र काढायचं, ही कशाला वापरत असतील ते भांडून ठरवायचं, मग पाटी वाचायची. वीसपेक्षा जास्त मुलं एका वेळी आत नेऊ नका. उरलेल्यांना जवळच्या विश्रामबागवाड्यात न्या, तो उघडा आहे का तेवढं आधी विचारून घ्या. मस्तानी महालाचं दालन मात्र शेवटी ठेवा, नाहीतर तिथून कुणी निघत नाही.

गावच पुण्याला यायला पाहिजे असंही नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची ‘म्युझियम ऑन व्हील्स’ ही बस 2015पासून शाळांच्या दारात जाते. बस परवडत नसेल तर माझ्या मते पेटी पुरे. दहा-बारा वस्तूंच्या हुबेहूब प्रतिकृती, एसटीच्या पार्सलानं शाळेत धाडायच्या, पंधरा दिवसांनी पुढच्या शाळेला. ज्या मुलांना दिसत नाही त्यांच्यासाठी तर हातात घेण्याशिवाय दुसरा रस्ताच नाही. संग्रहालयाला पत्र लिहिणार असाल तर आधी हेच मागा, तिकीटमाफी नंतर.

त्या मुलीच्या आजीनं पुढे वज्री शाळेलाच दिली. वर्गातल्या उघड्या कपाटात आहे. खालची पट्टी पोरीनंच लिहिली: ‘टाच घासायची वज्री. हात लावा.’