मुख्य सेवक की नंदीबैल?

पत्र, थोडक्यात: "मी एक कादंबरी हप्त्याहप्त्याने लिहिते. दहा वर्षांची सरदारकन्या घरच्या राजकारणापायी एका काल्पनिक देवळात धाडली जाते. तिथे तिच्या दिमतीला तिशीचा एक मुख्य सेवक येतो. तो देवळातच वाढलेला आणि कमालीचा निष्ठावान आहे. चौदा भाग झाले. पहिल्यापासून माझा कच्चा खर्डा वाचणारी मैत्रीण परवा म्हणाली, 'हा माणूस नाही, नंदीबैल आहे. आणि तो तसा आहे कारण तूही तशीच आहेस. कुणाला नाही म्हणायची तुझी हिंमत नाही.' तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. विसाव्या भागात त्याला मारून टाकावं की फितूर करावं? सोबत तीन भाग पाठवते आहे."

मारू नका. फितूरही करू नका, निदान आत्ता तरी. ज्याला वाचक अजून ओळखतच नाहीत, त्याच्या मरणाने कुणाचा घास अडत नाही आणि त्याच्या फितुरीने कुणी दचकत नाही. मैत्रीण दोन वेगळ्या गोष्टी एका दमात बोलली. तुमच्याबद्दल जे म्हणाली त्याकडे शेवटी येते. सेवकाबद्दल मात्र ती बरोबर बोलली.

पाठवलेल्या भागांत हा माणूस पहाटे पाणी तापवतो, स्वयंपाक करतो, पोरीला कपडे घालतो, पाहुण्यांना दार उघडतो आणि रात्री उंबऱ्यात पहारा देतो. म्हणजे तो मुख्य सेवक नाहीच, एकटा सेवक आहे. 'मुख्य' म्हणायचं तर हाताखाली माणसं हवीत, आणि त्यातलं एखादं तरी कामचुकार हवं. मुख्य सेवक काम करत नाही, करवून घेतो आणि बिघडलं की आपल्या अंगावर घेतो. तुम्ही त्याची निष्ठा कष्टांत मोजलीत, म्हणून तो राबतो आहे आणि दिसत मात्र नाही.

एक आंघोळ घ्या. पोरीला २० लिटर कोमट पाणी लागतं, साधारण ४० अंशांचं. विहिरीचं पाणी २० अंशांवर असेल तर त्यातल्या १५ लिटरांत ५ लिटर उकळतं पाणी मिसळलं की झालं. थंडीत तेच पाणी १० अंशांवर आलं की उकळतं पाणी साडेसहा लिटरांच्या वर लागतं. म्हणजे सरपण वाढलं, चूल आधी पेटवायला हवी आणि चूल पेटवणारा पोरगा आधी उठायला हवा. वर न्यायचं ओझं भांड्यांसकट २० किलोंच्या पुढे, म्हणजे जिन्यावरून दोन खेपा किंवा दोन माणसं. आता पोरगा झोपून राहिला आणि आज देवळात मोठा विधी आहे. मुख्य सेवक काय करतो? स्वतः घागर उचलतो, की पोरीला सांगतो, "आज थंड पाण्याने, आणि लवकर"? पोराला शिक्षा करतो, की त्याच्या आजारी आईची आठवण ठेवून गप्प बसतो? या चार ओळींतून तो जितका कळेल, तितका तुमच्या चौदा भागांतल्या "मी सदैव आपल्या सेवेत आहे" मधून कळलेला नाही. हे वाक्य तीन भागांत नऊ वेळा आलं आहे. एकदाच ठेवा.

आता खरा मुद्दा, आणि तो तुमच्या पत्रातच आहे: तो देवळात वाढला आहे. मग त्याचा धनी कोण? त्याला नेमलं कुणी, पगार कुणाकडून येतो आणि तो अहवाल कुणाला देतो, हे तिन्ही प्रश्न तुम्ही मोकळे सोडलेत. नेमणूक मुख्य पुरोहिताची, पैसा पोरीच्या वडिलांच्या घरून आणि अहवाल दर आठ दिवसांनी पुरोहिताकडे, अशी घडी बसवून बघा. निष्ठा तेव्हाच कसाला लागते. घरून दोन महिने पैसे आले नाहीत, तर आधी कशाला कात्री लागेल? सरपणाला की स्वतःच्या खोलीतल्या दिव्याच्या तेलाला? आणि हे तो पोरीला सांगेल का? त्याची खर्चाची वही मनाशी तयार ठेवा. कादंबरीत तिची दोनच पानं आली तरी पुरे.

अहवालाचा तर एक व्यायामच करा. पोरीने रात्री ग्रंथांच्या दालनात चोरून शिरकाव केला आणि सेवकाने ते पाहिलं, असं धरा. त्याचा दहा ओळींचा अहवाल दोनदा लिहा. पहिल्यात तो सगळं सांगतो. दुसऱ्यात एकही वाक्य खोटं नाही, पण ती रात्रच नाही. मग दुसरा अहवाल लिहून झाल्यावर तो दौत किती वेळ बंद करत नाही, ते लिहा. खोटं बोलणारा सेवक लिहिणं सोपं आहे. खरं बोलून गाळणारा लिहायला कठीण आणि वाचायला दसपट चांगला.

दाराचाही विचार करा. लहान धनिणीपर्यंत कोण पोचणार हे जो ठरवतो, तो वस्त्रं घडी करणारा असला तरी बलवान असतो. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या शौचाच्या वेळी हजर राहायचं काम दरबारातल्या मानाच्या कामांपैकी होतं (हसू नका), कारण त्या माणसाइतका राजाचा एकांत कुणाच्या वाट्याला येत नसे. त्या जागेवरच्या हेन्री नॉरिसचं १५३६ मध्ये राणीशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून डोकं उडवलं गेलं. जवळीक जितकी जास्त, तितका आरोप स्वस्त. तुमच्या सेवकाच्या हातात पाहुणे थैली ठेवतील. ती घेऊन तो वहीत नोंदवतो, परत करतो, की नाकारल्याने पोरीचा शत्रू वाढेल म्हणून मुकाट ठेवून घेतो? तिसरं उत्तर मला आवडेल, कारण ते पुढे त्याच्यावर शेकेल.

फितुरीचा मोह सुटत नसेल, तर तिच्याहून घातक गोष्ट आहे: ऐकणारं मूल आणि सल्ला देणारा सेवक. चीनमध्ये १४३५ साली सात वर्षांचा मुलगा सम्राट झाला. वांग झेन नावाचा खोजा (म्हणजे खच्ची केलेला राजवाड्यातला सेवक) त्याचा शिक्षक होता आणि मुलाचा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसला. १४४९ मध्ये त्याच्याच आग्रहाने सम्राट मोंगोलांवर स्वारीला निघाला, तुमू या ठिकाणी फौज कापली गेली, सम्राट कैद झाला आणि वांग झेन मेला. धन्याला विकायची गरजच पडली नाही. तुमचा सेवक चांगलाच राहू द्या, पण एकदा त्याचा प्रामाणिक सल्ला चुकू द्या. तुमच्या कथेत तेराव्या भागातला जत्रेचा प्रसंग त्यासाठी आयता पडला आहे.

देवळातल्या मुलाची माया कुणावर बसते, हेही बघा. चौदावे दलाई लामा १९३९ मध्ये ल्हासाला आले तेव्हा चार वर्षांचे होते. वस्त्रं, स्वयंपाक आणि पूजाविधी सांभाळणारे तीन मोठे सेवक त्यांच्या दिमतीला होते. लळा लागला तो स्वयंपाकवाल्याचा. तो नजरेआड गेलेला त्यांना खपत नसे, दारातून त्याच्या झग्याचं टोक दिसलं तरी चाले. तुम्ही सगळी कामं एकाला दिलीत, त्यामुळे मत्सराला जागाच उरली नाही. स्वयंपाक दुसऱ्याकडे द्या. पोरगी दुखावली की धावत मुदपाकखान्यात जाते आणि मुख्य सेवक बाहेर उभा राहतो. आत जायचं की नाही, हा त्याच्यापुढचा पेच आहे.

चारचौघांत तो तिला दुरुस्त कसं करतो, तेही ठरवा. जपानमध्ये सम्राटघराण्यातली अविवाहित मुलगी इसे इथल्या देवळातल्या देवीच्या सेवेला पाठवत, चौदाव्या शतकापर्यंत. तिच्या वाड्यात काही शब्द वर्ज्य होते: मरणाला 'बरं होणं', रक्ताला 'घाम' आणि मांसाला 'अळंबी' म्हणायचं. ९२७ साली पुऱ्या झालेल्या नियमसंग्रहात ही यादी आहे. असे चार-पाच वर्ज्य शब्द तुम्ही स्वतः ठरवा आणि दहा वर्षांच्या पोरीला पाहुण्यांसमोर चुकू द्या. सेवक तिला टोकत नाही. टोकलं तर चूक सगळ्यांना कळते. तो पेला पाडतो आणि पुरोहिताची बोलणी स्वतः खातो. रात्री, दार लावून, तो तिला तेच शब्द वीस वेळा म्हणायला लावतो आणि ती रडली तरी थांबत नाही. मानेची डोलावणी तिथे संपते. एक ठाम नकारही त्याच्या तोंडी हवाच, पण अख्ख्या कादंबरीत एकदाच. बाकी वेळा "तसं नको, असं करू या" एवढंच.

किरकोळ दुरुस्ती: तिसऱ्या भागात ती त्याला 'तू' म्हणते, सातव्यात 'तुम्ही'. कारण दाखवा, नाहीतर एकच ठेवा.

राहिली मैत्रीण. खर्डा वाचताना लेखिकेचा स्वभाव काढणं ही आगाऊपणाची हद्द झाली आणि तसं तिला सांगायला हवं. फोन करा, सफाई देत बसू नका. "सेवकाबद्दल तुझं पटलं. माझ्याबद्दल बोललीस ते लागलं. पुढच्या वेळी खर्ड्यापुरतं बोल," इतकंच म्हणा. ती वाद घालू लागली तर कथेवर या. मग नवा आंघोळीचा प्रसंग तिला पाठवा आणि एकच गोष्ट विचारा: पोरगा झोपून राहिला तेव्हा सेवकाचा तुला राग आला का? "छान आहे" असं उत्तर आलं तर प्रसंग पुन्हा लिहावा लागेल.

पंधरावा भाग या आठवड्यात टाकू नका. हप्ता चुकणार असल्याचं वाचकांना आजच कळवा, कारण सांगू नका.