हळदीचा कंटेनर आणि उरलेले तीन आठवडे

वसमतचे एक हळद निर्यातदार विचारतात: गोदामातून ट्रकने न्हावा शेवाला निघालेला कंटेनर बंदराबाहेरच्या रांगेत अडकला, ठरलेलं जहाज चुकलं, पुढच्या जहाजावरही जागा मिळाली नाही. दुबईच्या जेबेल अली बंदरात कंटेनर उघडला तेव्हा गोण्या ओल्या होत्या, बुरशीचा वास येत होता. घेणाऱ्याने भाव पाडूनच पैसे दिले. याला आठ महिने आणि वर एक आठवडा झाला. फॉरवर्डर, म्हणजे माल पोचवण्याची सगळी व्यवस्था घेणारा, बंदराकडे बोट दाखवतो आणि "बघू साहेब" म्हणतो. बंदरावर दावा टाकावा का?

हिंगोली, नांदेड, लातूरहून असेच प्रश्न येत असतात आणि सगळ्यांचं बोट बंदराकडेच असतं. ते सध्या बाजूला ठेवा. फॉरवर्डरने दिलेल्या कागदाच्या माथ्यावर काय छापलंय ते आज, आत्ता वाचा.

तिथे 'मल्टिमोडल ट्रान्सपोर्ट डॉक्युमेंट' (ट्रक आणि जहाज अशा एकाहून जास्त साधनांच्या वाहतुकीचा एकच कागद) असेल, तर 1993 चा मल्टिमोडल माल वाहतुकीचा कायदा लागू होतो. त्याचं कलम 24 सांगतं की माल घेणाऱ्याच्या ताब्यात दिल्यापासून नऊ महिन्यांत दावा दाखल झाला नाही, तर वाहतूकदाराची, म्हणजे तो कागद देणाऱ्या फॉरवर्डरची, जबाबदारी संपते. तुम्ही दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे असं धरून बसला आहात, हातात आहेत जेमतेम तीन आठवडे. नुसतं जहाज कंपनीचं बिल ऑफ लेडिंग (जहाजाने माल घेतल्याची पावती) असेल तर साधारण वर्ष मिळतं. व्हॉट्सअॅपवरच्या 'बघू'ने यातली कुठलीच मुदत थांबत नाही. आठ महिने त्या एका शब्दावर घालवलेत, याचा मला खरंच राग येतो, कारण दावा मुळात बरा आहे.

बरा आहे तो ओल्या मालाचा. उशिराचा नाही. त्याच कायद्याच्या कलम 13 प्रमाणे, माल वेळेत पोचण्यात आपलं हित आहे असं तुम्ही आधी जाहीर केलेलं असावं लागतं आणि वाहतूकदाराने ते मान्य केलेलं असावं लागतं. त्याशिवाय विलंबाची भरपाई मागता येत नाही. बुकिंगच्या वेळी एक ओळ लिहायची असते, पण कुणीच लिहीत नाही. जहाज चुकलं, बाजार पडला, म्हणून हे मुद्दे मागे ठेवा. माल भिजला हा मुद्दा पुढे घ्या. तो वाहतूकदाराच्या ताब्यात भिजला हे दिसलं, की आपली किंवा आपल्या माणसांची चूक नव्हती हे त्यालाच सिद्ध करावं लागतं. बंदरातल्या गर्दीचं कारण तिथे किती टिकेल, ते पुराव्यावर ठरेल.

आता कोर्टाची अडचण. तीन लाखांच्या वरचा व्यापारी दावा तातडीच्या अंतरिम मागणीशिवाय (निकालाआधीच तात्पुरता आदेश मागितल्याशिवाय) असेल, तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे. सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये ते स्पष्ट केलं. मध्यस्थीचा काळ मुदतीतून वगळला जातो खरा, पण कायद्यात ती सवलत 1963 च्या मुदत कायद्यापुरती लिहिली आहे. या नऊ महिन्यांना ती लागू होईल असं मी छातीठोक सांगणार नाही. मध्यस्थीचा अर्ज याच आठवड्यात करा आणि अंतरिम मागणीला खरा आधार आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्या. दावा कुठल्या शहरात चालेल, ते कागदाच्या मागच्या बारीक अक्षरांत सापडेल.

मरिन विमा (समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाचा विमा) असेल तर कंपनीला लगेच लेखी कळवा. तिथेही निव्वळ विलंबाचं नुकसान बहुधा वगळलेलं असतं.

मूळ डॉक्युमेंट, सीलचा नंबर, बंदरातल्या गेटची पावती, जेबेल अलीचा सर्व्हे रिपोर्ट आणि गोण्यांचे फोटो घेऊन सोमवारच्या आत वकिलाकडे जा.