पाच सेकंदांची टेप

प्रश्न : बाबांकडे ‘सॅटर्डे नाइट फीवर’ या सिनेमाच्या गाण्यांची जुनी एलपी आहे. त्यातलं ‘स्टेइंग अलाइव्ह’ आमच्याकडे अजूनही लग्नाच्या रिसेप्शनला लागतं आणि म्हातारे-पोरं सगळेच उठतात. त्यात ड्रम बर्नार्ड लुपे यांनी वाजवलेत असं वाचलं. त्यांची आणखी रेकॉर्डिंग्ज कुठे मिळतील? मी ड्रम शिकतोय. (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : लुपे यांना शोधू नका. या नावाचा माणूसच नव्हता. पण तुमचा कान योग्य जागी गेला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

1977 साली हे गाणं करणारे बी जीज, म्हणजे बॅरी, रॉबिन आणि मॉरिस हे गिब बंधू, फ्रान्समध्ये पॅरिसजवळच्या एका जुन्या वाड्यातल्या स्टुडिओत काम करत होते. घरच्या दुःखद कारणाने त्यांचा ड्रमर डेनिस ब्रायन याला मध्येच जावं लागलं. आसपास दुसरा ड्रमर मिळेना. ताल वाजवणारं यंत्र लावून पाहिलं, ते कोणालाच रुचलं नाही. मग ब्रायननेच आधी वाजवलेल्या ‘नाइट फीवर’ गाण्यातले दोन बार त्यांनी उचलले, टेपवर उतरवले, टेपची दोन टोकं जोडून तिचं कडं केलं आणि ते माइकच्या स्टँडवरून फिरवत ठेवलं. दोन बार म्हणजे आठ मात्रा, पाच सेकंदांहूनही कमी. गाणं संपेपर्यंत तेच फिरतं. श्रेय कोणाला द्यायचं म्हणून ‘लूप’, म्हणजे कडं, यावरून लुपे हे नाव काढलं. पुढे लोक खरोखरच त्या लुपेला कामासाठी शोधू लागले!

मी फोंड्याचा. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घुमट आरती वाजवत वाढलो. घुमट, शामेळ, कासाळं ही आमची तालवाद्यं एकदा रंगली की लय चढतेच, आणि चढायलाच हवी, त्यातच देव दिसतो. पुढे सासष्टीतल्या लग्नांत बँडबरोबर ड्रम वाजवू लागलो तेव्हा हीच सवय आड आली. हे गाणं सुरू केलं की दुसऱ्या कडव्यापर्यंत माझा हात पुढे पळायचा. बास वाजवणारा मित्र माझ्याकडे बघून टाच आपटायचा, की थांब, धर. नाचणारे तेवढ्यात बिचकलेले असायचे. पावलं घसरतात ती तिथेच. डिस्कोत लय चढवून रंग भरायचा नसतो. ती धरून ठेवायची, आणि रंग वरच्या आवाजांनी भरायचा. बॅरीचा तो उंच, चोरटा आवाज आणि खाली गिटारची ती ओळखीची सुरावट, दोन्ही मोकळी खेळतात, कारण जमीन हलत नाही.

ती जमीन एका माणसाच्या हाताची आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. यंत्र नाकारलं त्यांनी. ब्रायनच्या हातातला किंचित मागे रेलणारा डौल त्या पाच सेकंदांत आहे आणि तोच पुन्हा पुन्हा येतो. 1978च्या फेब्रुवारीत हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि चार आठवडे राहिलं. पुढच्याच वर्षी, 1979च्या जुलैत, शिकागोच्या बेसबॉल मैदानावर लोकांनी डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग रचून स्फोट केला. डिस्को संपला असं म्हणाले. आमच्या लग्नांत मात्र तो कधी संपला नाही.

रियाजासाठी सांगतो : मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र, मिनिटाला 103 ठोक्यांवर ठेवा आणि तेच दोन बार वीस मिनिटं वाजवा. काही सजवू नका.

प्रश्न : मी पणजीत नर्सिंग शिकते. हृदय थांबलेल्या माणसाच्या छातीवर दाब देण्याच्या प्रशिक्षणात ‘स्टेइंग अलाइव्ह’ हेच गाणं मनात म्हणायला सांगितलं. हेच का? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : वैद्यकीय भाग तुमच्या शिक्षिका माझ्यापेक्षा नीट सांगतील. प्रौढ माणसाला मिनिटाला 100 ते 120 दाब द्यायचे असतात, आणि हे गाणं मिनिटाला 103 मात्रांच्या आसपास चालतं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात 2008च्या सुमारास डॉक्टर आणि विद्यार्थी मिळून 15 जणांवर हे करून पाहिलं होतं. गाणं ऐकत दाब देताना त्यांचा वेग ठीक राहिला, आणि काही आठवड्यांनी गाणं न लावता, नुसतं मनात म्हणूनही राहिला. लय अंगात मुरते ती अशी.

एक मात्र ड्रमर म्हणून सांगतो. घाबरलं की हात पळतो, आणि दाब उथळ होतो. दाब पाच-सहा सेंटिमीटर खोल जायला हवा आणि छाती पुरती वर यायला हवी, असं मलाही एका प्रशिक्षणात शिकवलं होतं. तालात जशी दोन ठोक्यांमधली जागा राखावी लागते, तशी ती वर येण्याची जागा राखा. आणि सुरू करण्याआधी कोणाला तरी 108ला फोन लावायला सांगा.

वर्गातल्या पुतळ्यावर सराव कराल तेव्हा मैत्रिणीला शेजारी उभं करून मात्रा मोजायला लावा. दुसऱ्या मिनिटाला तुमचा वेग किती होता, ते मला कळवा.